रोज एक नवी गल्ली

"हे काय हाय?" उस्माननं किल्ली साबिरापुढं धरली.

साबिरानं निरखून बघितलं. "चमचा," ती म्हणाली, आणि चुकलं हे तिलाच लगेच कळलं. तिचे डोळे भरून आले.

"आब्बा, नका छळू अम्मीला," रियाज दारातून म्हणाला. "डॉक्टरांनी आराम सांगितलाय. गेलं ते गेलं."

"आराम अंगाला सांगितलाय. डोक्याला न्हाई."

दोन महिन्यांपूर्वी साबिराला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात बराचसा परत आला. शब्द मात्र विस्कटले. भोरच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. तीस वर्षं विंझर, हिर्डोशीच्या बायका तिच्याकडंच बांगड्या भरायच्या. एकदा हात दाबून बघितला की त्या बाईचं माप तिला वर्षानुवर्षं आठवायचं. आता दुकानाला कुलूप होतं आणि रियाजच्या मनात तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं.

"सहा महिने दे मला," उस्मान म्हणाला. "मग टाक."

उस्माननं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं उंदरांचे पिंजरे धुतले होते. पहाटेच्या एसटीनं जायचा, संध्याकाळी यायचा. गल्लीत त्याला उंदीरवाला म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. निवृत्तीच्या आधी तिथल्या मॅडमनी एक प्रयोग केला होता. काही पिंजऱ्यांत पळायला चाक, काहींत नाही. मग हौदातल्या पाण्यात दुधाची भुकटी कालवून ते गढूळ करायचं आणि पाण्याखाली दडवलेला चौथरा उंदरांना शोधायला लावायचा. हौद उस्मानच भरायचा. चाकावर पळणारे उंदीर चौथऱ्याची जागा लवकर शिकायचे, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"असं का हुतं, मॅडम?" त्यानं तेव्हा विचारलं होतं.

मॅडमनी स्टूल ओढून त्याला बसवलं. "पळलं, नवीन काही शिकलं, की मेंदूत एक द्रव्य जास्त तयार होतं. ते पेशींना जगवतं, एकमेकींशी नवे जोड धरायला मदत करतं. शिकलेलं टिकतं ते त्या जोडांत. रोपाला खत घालतो ना आपण, तसं."

आता त्यानं एसटीडी बूथवरून त्यांनाच फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "उस्मानभाई, ते उंदरांचं होतं. माणसाचं इतकं सरळ नसतं. खात्री मी देणार नाही. पण डॉक्टरांना विचारून त्यांना चालवा, रोज काहीतरी नवं शिकवा."

"तेवढं बास झालं मला," उस्मान म्हणाला.

डॉक्टरांनी चालायला हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी निघू लागले. रोज वेगळी गल्ली. जाताना दिसेल त्याचं नाव साबिरानं सांगायचं आणि येताना वाट तिनं दाखवायची. कधी राजवाड्याच्या मागून, कधी नीरेच्या घाटावर. ती गाढवाला घंटा म्हणायची, घंटेला काहीच म्हणायची नाही. उस्मान नाव सांगायचा आणि पुढं चालायचा.

एके दिवशी ती वाट तीनदा चुकली. एका परक्या घराच्या पायरीवर बसली आणि पायातली चप्पल काढून तिनं उस्मानकडं भिरकावली. "उंदीर हाय का मी?"

झटक्यानंतरचं तिचं ते पहिलं सबंध वाक्य होतं. उस्मान चप्पल उचलून हसत सुटला. "आजून येकदा म्हण! लई ग्वाड बोललीस!" मग तीही हसली.

पाचव्या महिन्यात तिनं स्वतः दुकानाचं कुलूप काढलं. पहिली आली ती विंझरची सोजराबाई, डोंगरावर शेळ्या राखणारी.

"भाबी, माजं माप ठावं हाय की तुमास्नी," ती ऐसपैस बसत म्हणाली.

साबिरा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. रियाज काही बोलणार, तेवढ्यात उस्माननं त्याचा दंड धरला.

"न्हाई," साबिरा म्हणाली. "ते गेलं. हात आना हिकडं."

तिनं सोजराबाईचा पंजा अंगठ्याखाली दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "दोन... सहा."

"मागं तर दोन-चार हुतं!"

"आता दोन-सहा."

हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. एकही फुटली नाही. सोजराबाई मनगट हलवून हसली, "म्हंजी जाडी झाले व्हय मी!"

त्या दिवशी रियाजनं मोबाईलचं कपाट दुकानाच्या एका कोपऱ्यात मावेल का, ते मोजून बघितलं. मावत होतं.

सहाव्या महिन्यात तपासणी होती. डॉक्टरांनी पेन दाखवलं, घड्याळ, बटण. साबिरानं सावकाश, पण बरोबर सांगितलं. मग त्यांनी उस्मानकडं बोट केलं. "आणि यांचं नाव?"

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. या सगळ्या काळात नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. हाक मारायची ती 'रियाजचे आब्बा' अशी. साबिरानं पदर कपाळावर ओढला आणि खाली बघत राहिली.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'पतीचे नाव आठवत नाही.'

उस्माननं ते वाचलं. आठवत नव्हतं की घ्यायचं नव्हतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं विचारलं नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

साबिरा उठली. बाकावर राहिलेली त्याची टोपी तिनं उचलली, दोनदा हातावर झटकली आणि त्याच्या हातात दिली.