न फिरवलेला कागद

लूशियसचं पत्र आलं की स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायचं, ही व्हरमाँटच्या थेअरांच्या घरची रीत. सासूबाई चुलीजवळ त्याचे मोजे विणत बसतात. परमीलिया वाचते.

'प्रिय परमीलिया, सॅक्रामेंटोत जमिनीचे दावे इतके, की आम्ही वकील पुरत नाही. अंडी इथं सोन्याच्या भावानं...'

"आपल्या कोंबड्यांना कळव," सासूबाई म्हणाल्या.

'...आईचा खोकला कसा आहे? एसॅहेल लिहायला शिकला का?'

कागद भरला. कागद वाढला की टपालखर्च वाढतो, म्हणून लूशियस भरलेलाच कागद फिरवून आधीच्या ओळींवर काटकोनात पुढचं लिहितो. परमीलियानं कागद न फिरवता नुसती मान वाकडी केली. मनातच वाचलं.

'मी व्हरमाँटला परतणार नाही. इथं घर घेतलं आहे. वसंतात एसॅहेलला घेऊन बोटीनं ये. आईला सांग, वर्षभरासाठी जाते. खरं कळलं तर ती तुला सोडायची नाही.'

"संपलं, आई."

सुया चालूच.

परमीलिया उठली. चुलीत लाकूड सारलं. बसली. खोटं बोललं तर जाता येईल. खरं बोललं तर... पोरगा बापाचा चेहरा विसरत चाललाय. पुन्हा उठली. लाकूड आधीच पुरेसं होतं.

"डोळे गेलेत माझे, कान नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "कागद फिरवल्याचा आवाज आला नाही. इतका चिकट पोरगा, एकाच अंगानं लिहून कागद सोडेल?"

परमीलियानं कागद फिरवला. सगळं वाचलं. 'सोडायची नाही' हेसुद्धा.

सुया थांबल्या.

"तुला जायचंय?"

"हो."

"मग जा की. हे मला लिहायला त्याचा हात मोडला होता?"

परमीलियानं दौत ओढली.

'प्रिय लूशियस, मी येईन. पण आधी हे आईंना तू स्वतः लिही, त्यांच्या नावानं. ते पत्र इथं मोठ्यानं वाचलं जाईल, मगच मी तिकीट काढीन.'

अर्धा कागद कोरा राहिला. तशीच तिनं त्याची घडी घातली.

"तिकडं बर्फ पडतो?"

"नाही म्हणतात, आई."

सासूबाईंनी अर्धा मोजा सुयांवरून काढला आणि उसवायला लागल्या. धागा मांडीवर साठत गेला.

"एसॅहेलला बोलाव. पायाचं माप घेते. बोटीवर वारा असतो."