बॅनरवरची तारीख

प्रयागबाईंना टोरांटोला जायचं होतं, पण फिरायला नव्हे. लेक पूजा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि तिकडे जवळचं बाईमाणूस कुणी नाही. वाडीवरची निम्मी बाळंतपणं निस्तरलेल्या बाईने नेमकं लेकीच्या वेळी घरी बसावं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

तिकिटाचं सगळं भाच्याने, हर्षदने बघितलं. महाडच्या स्टँडसमोर त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान होतं आणि यंदा पंचायत समितीला उभं राहायचा विचार. त्यामुळे मावशीच्या प्रवासात निघायच्या दिवशीच आमदारसाहेबांच्या हस्ते निरोप समारंभ आला, शाल आली आणि पोलादपूरच्या नाक्यावर तारखेसकट बॅनर आला: ‘सातासमुद्रापार झेप!’ बॅनरवर मावशी पासपोर्टच्या फोटोएवढी होती. उरलेल्या जागेत हर्षद हात जोडून उभा होता.

समारंभाला दोन दिवस उरले आणि विमान रद्द झालं. हर्षदने तासाभरात दुसरं जुळवलं, त्याच तारखेचं.

“मध्ये एकदा उतरायचं, बॅग घ्यायची, दुसऱ्या विमानात बसायचं. पोलादपूरहून निघून महाडला गाडी बदलतेस ना, तस्संच.”

“आनि कुनी अडवलं तर रे?”

“महाडला अडवतं का कोन, गो मावशी?”

महाडला खरंच कुणी अडवत नाही.

अडवलं ते मुंबईच्या विमानतळावर, काउंटरवरच्या अमिता नावाच्या मुलीने. “आजी, ही दोन वेगळी तिकिटं आहेत. बॅग घ्यायला मधल्या देशात बाहेर पडावं लागेल. त्यांचा ट्रान्झिट व्हिसा कुठाय?”

“व्हिसा हाय की. कॅनडाचा.”

“तो कॅनडाचा. मधल्यांचा?”

प्रयागबाईंनी पिशवी पालथी केली. शालसुद्धा दाखवली. मुलीने रद्द झालेल्या तिकिटाचा नंबर टाकून पाहिला आणि जरा घुटमळली.

“आम्ही तुम्हाला त्याऐवजी कालचं थेट विमान दिलं होतं. एजंटने नको कळवलंय. ‘तारीख सोयीची नाही.’”

“आता दे मग.”

“आता पंधरा दिवस जागा नाही, आजी.”

हर्षदने आठव्या वेळी फोन उचलला. “मावशी, साहेबांनी तीच तारीख दिलेली. बॅनर छापून झाले होते!” मग आवाज खाली आला. “गावात तब्येत बिघडली म्हणून सांग.”

प्रयागबाई गावी परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी पूजाला मुलगी झाली. बाळ पहिल्यांदा नर्सने घेतलं, आणि आजीला दाखवायला मोबाइलसमोर धरलं तेही नर्सनेच. “आये, लय घाबरले गो,” एवढंच पूजा बोलली.

शेजारची तुळजाबाई चौकशीला आली. “तब्येत बिघडली म्हनं?”

“माझी नाय. हर्षदची बिघडनार हाय.”

पाचव्या दिवशी प्रयागबाईंनी घरीच पाचवी पुजायचं ठरवलं. बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते, तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवावं लागतं. घरात पेन सापडलं, कागद काही सापडेना. तशा त्या उठल्या, नाक्यावर गेल्या आणि भरदिवसा, चार माणसांदेखत बॅनर उतरवून घेऊन आल्या. विळीवर मधला चौकोन कापला. मागची बाजू चांगली पांढरी निघाली.

दिवेलागणीला त्यांनी हर्षदचं तोंड पाटाकडे करून तो तुकडा ठेवला, वर पेन ठेवलं आणि हात जोडले.

“लिही गो आई. मोठं लिही, जागा हाय. फकस्त मामा लिहू नको.”