राखीचं दुखणं

सलोनीच्या शाळेतून आलेला संमतीचा कागद तिच्या बापानं, नेमसिंगनं, तीन दिवस ऑटोच्या सीटखाली दडवून ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी आर्णीच्या स्टँडवर सवारीची वाट बघताना त्यानं तो काढला, मांडीवर पसरला आणि खाली सही केली. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण सही करताना अक्षर वाकडं आलं. घरात या सहीला सगळ्यांचा नकार होता.

कागद लसीचा होता. चौदा वर्षांच्या मुलींना सरकारी आरोग्य केंद्रात एक सुई फुकट मिळणार होती, पुढं जाऊन गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. त्यांच्या बंजारा तांड्यात या वयाच्या नऊ मुली होत्या. पण कागद घरोघरी पोचायच्या आधी मोबाइलवर एक व्हिडिओ पोचला. त्यात कुणी एक माणूस ओरडून ओरडून सांगत होता, की ही सुई घेतलेल्या पोरींना पुढं मूल होत नाही. नेमसिंगच्या बायकोनं, जमनीनं, तो दोनदा पाहिला आणि फोन पालथा घातला.

"माही एकच एक पोट्टी हाय," ती म्हणाली. "तिच्या अंगावर असले प्रयोग नाई करू देत मी. सुईगिई काही नाई."

तांड्याचे नायक उत्तमसिंग यांनी मंदिरासमोर माणसं बसवली आणि त्यांच्या पद्धतीनं न्याय दिला. "ज्याची लेक त्याची मर्जी. पण उद्या पोट्टी वांझ निघाली, तं कोनी माह्या दारात रडत येऊ नोका." नायकानं असं म्हटल्यावर कोणाची मर्जी शिल्लक राहते?

नेमसिंग त्या बैठकीत खाली मान घालून जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसला होता. त्याला एक गोष्ट माहीत होती. तांड्यात ती दोघांनाच माहीत होती, त्याला आणि त्याच्या आईला, बसंतीबाईला.

नेमसिंगची धाकटी बहीण राखी सहा वर्षांपूर्वी गेली. चौतीस वर्षांची होती. महागावकडच्या एका तांड्यात दिलेली. दोन वर्षं तिच्या अंगावरून जात होतं, पाळी नसतानाही रक्त दिसायचं, पण लाजेपायी ती कोणाजवळ बोलली नाही. कंबर धरून भिंतीला टेकायची वेळ आली तेव्हा नेमसिंग तिला नागपूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला बाजूला बोलावलं. कॅन्सर पिशवीच्या तोंडाशी सुरू होऊन पार आत पसरला होता. हा रोग एका विषाणूनं होतो आणि तो विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, हेही त्यांनी समजावून सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा कोणी पाहुणा कान लावून ऐकत होता. डॉक्टर पुढं गेल्यावर तो हळूच म्हणाला, "चांगल्या घरच्या बायाले नाई होत असलं."

नेमसिंगनं त्याची कॉलर धरली नाही. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचं त्याला आजही वाईट वाटायचं.

राखीची राख सावडून आले त्या दिवशी बसंतीबाईनं त्याला सेवालाल महाराजांच्या मूर्तीसमोर उभं केलं. "पोटात गाठ होती म्हनाचं. कोनी इचारलं तरी गाठच. लेक गेली ते गेली, तिची अब्रू नाई जाऊ देत मी." नेमसिंगनं शपथ घेतली. तेव्हापासून तांड्यात राखी पोटातल्या गाठीनं मेली होती. जमनीनं माहेरी आणलेल्या नणंदेचं शेवटचा महिनाभर सगळं केलं, रक्ताचे कपडे धुतले, पण तिलाही गाठच सांगितली होती.

सही केलेला कागद खिशात घालून नेमसिंग दुपारी थेट शाळेत गेला. गुरुजींना सांगून त्यानं सलोनीला बाहेर बोलावलं आणि ऑटोत बसवलं. पोरगी हुशार होती. रस्ता बघूनच तिला कळलं.

"बापू, याडीले सांगतलं का?" तिनं आईबद्दल विचारलं.

"सांगन मंग."

मग ती मागून पुढं वाकून म्हणाली, "मले खरंच लेकरं नाई होनार का?"

"कोन म्हनते?"

"सारेच म्हनून राह्यले."

"तसं काही नाई होत, बेटा. मी डॉक्टरले इचारून आलो." हे खरं होतं. दोन दिवसांपूर्वी तो आरोग्य केंद्रात एकटाच जाऊन विचारून आला होता. पण उद्या खरंच काही झालं तर जमनी त्याचं तोंड पाहणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आरोग्य केंद्राच्या ओट्यावर तीन-चार मुली आयांसोबत बसल्या होत्या. त्यांच्या तांड्यातली एकही नव्हती. सिस्टर विमलताईंनी कागद वाचला, सलोनीला काही खाऊन आलीस का विचारलं, आणि खुर्चीवर बसवलं. त्यांनी लसीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज झाला.

शाळेतून कोणीतरी फोन केला असणार. काळी-पिवळी जीपमधून जमनी उतरली, तिच्यामागं बसंतीबाई आणि तांड्यातल्या चार बाया. उत्तमसिंग मोटरसायकल लावून मागून आले. जमनी कोणाकडं न बघता सरळ आत घुसली आणि सलोनीचं मनगट धरलं.

"ऊठ. चाल घरी."

"जमने, ऐक तं खरी."

"काय ऐकू? चोरून आनता पोरीले? बाप हाय का कोन हाय तुमी?"

सलोनी रडायला लागली. ओट्यावरच्या दुसऱ्या आया उठून उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीनं आपल्या मुलीला जवळ ओढलं आणि ती फाटकाकडं बघायला लागली. विमलताईंनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"आई नको म्हणत असताना मी सुई हातात धरत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर बसा, बोला, मग या. पोरीला ओढू नका."

सगळे ओट्यावर आले. उत्तमसिंग खांबाला टेकून म्हणाले, "नेमसिंग, तुले बैठकीत बोलता येत होतं. तवा मुक्यावानी बसला. आता हे कायले?"

नेमसिंगनं आईकडं पाहिलं. बसंतीबाईनं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. सत्तरीची बाई, पण झपकन पुढं आली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "नेम्या, तोंड उघडशीन तं माहं मेलेलं तोंड पाहशीन."

"काय उघडाचं हाय, याडी?" जमनीनं विचारलं. तिचा आवाज एकदम बदलला होता. ती एकदा सासूकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघत राहिली.

आत फोन वाजून वाजून बंद पडला.

"राखीच्या पोटात गाठ नव्हती," नेमसिंग म्हणाला.

बसंतीबाईनं हात काढून घेतला.

"तिले पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. हाच, ज्याच्यासाठी ही सुई हाय. नागपूरच्या डॉक्टरनं मले सांगतलं. मी तुमाले सगळ्याइले खोटं सांगतलं. आईनं शपथ घातलती, पन खोटं मी बोललो."

बसंतीबाई पायरीवर बसली आणि तिनं ओढणी तोंडावर घेतली. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. उत्तमसिंगांनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला आणि ज्या प्रश्नाला नेमसिंग सहा वर्षं भ्यायला होता, तो अगदी सहज विचारला.

"पन असा रोग तिले आला कोठून?"

नेमसिंगच्या मुठी आवळल्या. या वेळेला तो कॉलर धरणारच होता. पण दारातून विमलताई बाहेर आल्या.

"नायकसाहेब, हा विषाणू संसार करणाऱ्या बहुतेक बायांना आणि पुरुषांना कधी ना कधी लागतो. तुम्हालाही लागून गेला असेल, मलाही. बहुतेकांच्या अंगातून तो आपसूक निघून जातो. एखादीच्या अंगात वर्षानुवर्षं दडून बसतो आणि मग त्याचा कॅन्सर होतो. एका नवऱ्याशी आयुष्य काढलेल्या बाईलाही होतो. यात चालचलणुकीचा काही संबंध नाही. आणि या सुईनं मूल होत नाही, हे साफ खोटं आहे."

'तुम्हालाही' ऐकून उत्तमसिंगांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एक बाई पदराआड हसली. पण जमनीचं तिकडं लक्ष नव्हतं.

"राखीले काय काय होत होतं?" तिनं विचारलं.

"तुले माहीत हाय. तूच तं कपडे धुतले."

"शेवटचं माहीत हाय. सुरुवातीचं सांगा."

नेमसिंगला सगळ्यांसमोर सांगायला जड गेलं, पण त्यानं सांगितलं. पाळी नसताना रक्त. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त. अंगावरून वास मारणारं पाणी. कंबर.

जमनीच्या हातातलं सलोनीचं मनगट सुटलं.

"मलेबी होते," ती म्हणाली. "आठ महिने झाले."

आठ महिने ती नेमसिंगच्याच घरात, त्याच्याच ताटात वाढत होती आणि त्याला पत्ता नव्हता. पण पत्ता लागणार कसा? राखीचं दुखणं काय होतं हे तिला माहीत असतं, तर ती पहिल्याच महिन्यात बोलली असती.

"सांगतलं काहून नाई?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

जमनीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. "तुमी सांगतलं?" ती म्हणाली. एवढंच. मग तिनं डोळे पुसले, सलोनीला पुढं केलं आणि विमलताईंना म्हणाली, "ताई, हिले द्या सुई. आन मंग मले पाहा."

सलोनीला सुई दिली. दंड चोळत ती अर्धा तास बाकावर बसली, सिस्टरनी बसवलेल्या जागी, आणि तांड्यातून आलेली माणसं तिच्याकडं टक लावून बघत राहिली, जणू आत्ता काही होईल. काही झालं नाही. तिला भूक लागली.

जमनीला आत नेऊन विमलताईंनी पिशवीच्या तोंडाला औषध लावून तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज मऊ होता. "पांढरा डाग दिसतोय. कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. तिथला छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. उद्याच यवतमाळला जा, चिठ्ठी देते."

यवतमाळच्या दवाखान्यात तुकडा काढला आणि रिपोर्टला बारा दिवस लागतील म्हणून सांगितलं. ते बारा दिवस नेमसिंगनं कसे काढले त्याचं त्यालाच ठाऊक. ऑटो चालवताना सवारी कुठं उतरायची हे विसरायचा. जमनी कामाला जायची, भाकरी करायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. एकदाच बोलली. कापसाच्या वावरातून परत येताना, बांधावर थांबून.

"मले जर राखीवानी झालं असन," ती म्हणाली, "तं तुमची शपथ माह्या कामी येईन का?"

"नाई," तो म्हणाला.

बसंतीबाईनं मुलाशी अबोला धरला होता. पण रोज सकाळी सलोनीला समोर बसवून ती तिचा दंड दाबून बघायची, ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावायची. आठव्या दिवशी सलोनी वैतागून म्हणाली, "आजी, आता तुह्या दाबण्यानंच दुखते." म्हातारी पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडली. "माह्या राखीले मिळाली असती ही सुई," ती म्हणाली. त्या घरात सहा वर्षांत तिनं राखीचं नाव असं मोठ्यानं घेतलं नव्हतं.

तेराव्या दिवशी रिपोर्ट मिळाला. डॉक्टरीण तरुण होती, भराभर बोलणारी. पेशी बिघडायला लागल्या होत्या, बऱ्याच बिघडल्या होत्या, पण कॅन्सर झालेला नव्हता. तेवढा भाग काढून टाकला की झालं. "वर्ष-दोन वर्षं अजून अंगावर काढलं असतं तर वेगळं बोलावं लागलं असतं," ती म्हणाली. नेमसिंगनं तिथल्या तिथं भिंतीला टेकून डोळे मिटले. जमनी मात्र ताठ बसून राहिली आणि पुढं तपासणीला कधी कधी यायचं ते तिनं दोनदा विचारून घेतलं.

त्याच आठवड्यात तो भाग काढला. संध्याकाळी ती घरी आली. महिनाभर जड उचलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून पाणी नेमसिंग भरायचा. तांड्यातली माणसं त्याच्या डोक्यावरची घागर बघून हसायची. हसू दे, तो म्हणायचा.

नऊपैकी पाच मुलींनी त्या महिन्यात लस घेतली. चौघींच्या घरचे मानले नाहीत, त्यात उत्तमसिंगांची नातही होती. बोलणारे लोक राखीबद्दल बोलायचं ते बोललेच. एका बाईनं पाण्याच्या टाकीजवळ काहीबाही म्हटलं, तेव्हा बसंतीबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माह्या लेकीले रोग झालता," ती म्हणाली. "पाप नाई." आणि भांडं भरून घरी आली.

जमनीनं नवऱ्याला माफ केलं असं काही म्हटलं नाही. पण एके दिवशी ती ऑटोजवळ आली, तिच्या सोबत तीन बाया होत्या. त्यातली एक तोंड झाकून उभी होती.

"इमलताईकडे जाचं हाय," जमनी म्हणाली. "हिले लाज वाटून राह्यली. तुमी फाटकाबाहेरच थांबजा."

"थांबतो," नेमसिंग म्हणाला आणि त्यानं ऑटो सुरू केला.