निळे भांडे आणि मी

मी एक जुना अ‍ॅल्युमिनियमचा वाडगा आहे, मित्रांनो. माझी कड वाकडी झाली आहे, अंगावर पोचे पडले आहेत आणि ठेवल्यावर मी जरा डुगडुगतो. पण प्रत्येक पोचा मी कमावलेला आहे. तो कसा, ते आधी ऐका, म्हणजे पुढे माझा जळफळाट का झाला ते तुम्हाला समजेल.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. एका कारागिराने चपटी चकती फिरत्या साच्यावर दाबली आणि बघता बघता मला पोट आले. पुढे भांड्यांच्या दुकानात एकमेकांत बसवलेल्या भावंडांच्या उतरंडीतून या घरच्या आजोबांनी मला उचलले. त्यांच्याकडे तेव्हा एक दांडगा तरुण कुत्रा होता, त्याचे नाव पैलवान.

पैलवान जेवायचा तसे जेवणे मी पुन्हा पाहिले नाही. जे वाढतील ते तो खायचा आणि संपल्यावर मला इतके चाटायचा की मी फरशीवरून सरकत सरकत जाऊन भिंतीला आदळायचो. टण्ण! पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या आई तिथूनच म्हणायच्या, "झालं बरं का जेवण." माझे पोचे त्या भिंतीचे आहेत. त्याचे सारे आयुष्य मी रोज भरलो आणि रोज रिकामा झालो.

मग पैलवान म्हातारा झाला आणि एके दिवशी गेला. आईंनी मला घासून पुसून यंत्राशेजारी ठेवले आणि माझ्यात बटणे टाकली. बटणे वाईट नसतात, पण ती कधी संपत नाहीत आणि कुणी ती चाटतही नाही.

म्हणून घरात पुन्हा पिल्लू आले तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. घरातली धाकटी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती त्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. मला वाटले, आता बटणे ओततील आणि मला स्वयंपाकघरात नेतील. तेवढ्यात बाबांनी पिशवीतून एक भांडे काढले. निळे, चिनी मातीचे, गुळगुळीत. बुडाला रबर, म्हणजे महाराज जागचे हलायला नकोत. वर त्याच्याखाली अंथरायला वेगळी चटईसुद्धा! मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात उरलीसुरली चमक होती, तीही काळी पडली असेल.

पण गंमत अशी झाली की ते पिल्लू त्या भांड्यात तोंडच घालेना. हुंगायचे, पाठ फिरवायचे आणि बसायचे. आजोबांनी त्याचे नाव नवाब ठेवले. मी मनात म्हणालो, बरे झाले. भांडे देखणे असले म्हणून पोट भरते थोडेच!

घरचे मात्र हवालदिल झाले. आधी पिल्लांसाठीचे तयार दाणे आणले. नवाबाने मान फिरवली. मग दुसऱ्या पिशवीतले दाणे आणले, ते दोन दिवस खाल्ले आणि मान फिरवली. मग उकडलेली कोंबडी, मग मासळी. कोपऱ्यात अर्धवट पिशव्यांची रांग लागली. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणाल्या, "आमच्या ह्यांचे एवढे लाड केले असते, तर तेही असेच नखरे करते." सगळे हसले. चिमणी हसली नाही. नवाबाच्या बरगड्या तिच्या बोटांना लागत होत्या, आणि अधूनमधून तो ओकत होता.

तशात फोनवर आत्याने सांगितले की जमत नसेल तर पिल्लू माझ्याकडे पाठवा, इथे मोकळे अंगण आहे, दोन कुत्री आहेत, बरोबरीने खाईल. आईंनी "बघू" म्हटले. आईंचे "बघू" म्हणजे निम्मे "हो" असते, हे चिमणीला पक्के ठाऊक होते. त्या दुपारी ती यंत्राखाली नवाबाला मांडीत घेऊन बसली होती आणि तिचे डोळे माझ्या अगदी जवळ होते. मी तिची कीव करायला हवी होती. पण मी विचार करत होतो तो निळ्याचा. तो फुटला तर?

शेवटी आई आणि चिमणी नवाबाला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. त्या परत आल्या त्या एक विचित्र निरोप घेऊन. डॉक्टरबाईंनी विचारले होते की जेवणाखेरीज याला काय काय देता. आई म्हणाल्या होत्या, काही नाही, असाच एखादा तुकडा. तेव्हा बाईंनी सांगितले की उद्या याचे जेवण भांड्यात ठेवा, पण हातून काही भरवू नका. ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने एका वेगळ्या वाडग्यात टाकायचे, आणि संध्याकाळी तो वाडगा घेऊन सगळ्यांनी या.

वेगळा वाडगा! आईंनी बटणे डब्यात ओतली, मला धुतले आणि जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवले.

तुम्हाला या घरची रीत सांगायला हवी. बाबा छापखान्यात रात्रपाळीला असतात आणि उजाडता घरी येतात. आई दिवसभर शिवतात. चिमणी शाळेतून दुपारी येते. आजोबा आपल्या वेळेला उठतात, आपल्या वेळेला चहा घेतात. एकत्र ताटावर असे कुणी बसत नाही. ज्याला त्याला वाटायचे, बिचारा उपाशी आहे, आपणच काय ते याला थोडे देतो.

सकाळी बाबांनी माझ्यात लोणी लावलेल्या पावाची कड टाकली. आजोबांनी चहात बुडवायची बिस्किटे टाकली आणि खिशातले मूठभर मनुके. आईंनी कांदा घातलेल्या ऑम्लेटचा तुकडा. चिमणीने चीज, मग आणखी चीज, मग बटाट्याचे वेफर. बाबा झोपून उठले आणि पुन्हा पाव. मी भरत गेलो. नवाब टेबलाखाली बसून वर बघत होता. निळ्याकडे नाही, माझ्याकडे! अहाहा, मित्रांनो, इतक्या दिवसांचा दाह शांत झाला. निळ्याला मी मनातल्या मनात म्हणालो, बघितलंस? जुने ते सोने.

संध्याकाळी मी शिगोशीग भरलेला, चिमणीच्या दोन्ही हातांत मिरवत दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरबाईंनी मला काट्यावर ठेवले. मग शेजारी दाण्यांची एक छोटीशी ढिगली ओतली आणि म्हणाल्या, हे याचे दिवसाचे जेवण. ढिगली माझ्या निम्म्यानेही नव्हती.

"तुमचं पिल्लू चोखंदळ नाही," त्या म्हणाल्या. "याची भूक या वाडग्यात जाते. भांड्यातलं नाकारलं की काहीतरी चविष्ट मिळतं, हे तुम्हीच शिकवलंत त्याला."

प्रत्येक जण माझ्यात वाकून आपला तुकडा सोडून बाकीच्यांचे तुकडे बघत होता. मग बाईंनी चिमट्याने मनुके बाजूला काढले.

"हे कोण देतं?"

आजोबा हळूच म्हणाले, "मी. मुलांना चांगले असतात म्हणून..."

"मुलांना असतात, आजोबा. कुत्र्याची मूत्रपिंडं यांनी निकामी होऊ शकतात. कांदासुद्धा नको. आज रक्त तपासू."

आजोबांचा हात खिशात होता तो तिथेच राहिला. चिमणीने नवाबाला घट्ट धरले. आणि मी? मघापासून ज्या भरलेपणाचा तोरा मिरवत होतो, त्याचेच आता मला ओझे वाटू लागले. त्या पिल्लाचे दुखणे मी डोक्यावर घेऊन नाचत होतो.

नशीब थोर, रक्तात दोष निघाला नाही. बाईंनी वाट सोपी सांगितली. पिल्लांच्या वयाचे, सगळे घटक असलेले एकच खाणे निवडा. जे दोन दिवस तरी आवडीने खाल्ले होते तेच. बदलायचे झाले तर जुन्यात थोडे थोडे मिसळत बदला. ठरलेल्या वेळी ठेवा, थोड्या वेळाने उचला, मग पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. आणि दिवसभरात एक वेळही चाटले नाही तर मात्र मला फोन करा, पिल्लाला फार उपाशी ठेवायचे नसते. आत्याकडे पाठवू का, असे आईंनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठवायचंच असेल, तर हे भरवणारे हात पाठवा."

घरी माझी जागा टेबलावरच राहिली. द्यावेसे वाटले की नवाबाला नाही, वाडग्याला द्यायचे, असे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाबाने भांडे हुंगले आणि पाठ फिरवली. भांडे उचलले गेले. चिमणी चीज हातात घेऊन रडली आणि ते तिने माझ्यात टाकले. तो तुकडा मला फार जड लागला.

दुपारी निळे भांडे पुन्हा खाली आले. नवाब बराच वेळ उभा राहिला. मग कुरुम् असा एक आवाज आला. मग पुन्हा. आणि शेवटी तो आवाज, जो मी झोपेतही ओळखेन: जिभेने बूड पुसून काढल्याचा. आई यंत्र थांबवून ऐकत होत्या. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. तो आवाज माझा होता.

पण पुढच्या दिवसांत माझ्यात पडणारे तुकडे कमी होत गेले. बाबांचा हात माझ्यावर येऊन परत जाऊ लागला. आजोबांच्या खिशात आता मनुक्यांऐवजी रुमाल असतो. नवाबाच्या बरगड्या भरल्या. आत्याला फोन करून आईंनी सांगितले की राहू दे.

आता मी दिवसदिवस रिकामा असतो. आधी मला वाटले, झाले, पुन्हा अडगळ. मग एका संध्याकाळी आजोबांनी खुर्चीतूनच विचारले, "चिमणे, वाडगा काय म्हणतो?"

तिने वाकून माझ्यात पाहिले. "रिकामा आहे, आजोबा."

"मग जेवला म्हणायचा आपला नवाब."

तेव्हापासून हे रोज विचारले जाते. निळ्याचा हेवा पुरता गेला असे मी म्हणणार नाही. त्याची ती चटई अजून माझ्या डोळ्यांत खुपते. पण पैलवानाच्या वेळीही माझे कौतुक मी भरलेला असताना कधी झाले नव्हते. टण्ण आवाज व्हायचा तो रिकाम्या वाडग्याचा.

म्हणून मित्रांनो, एवढे माझे ऐका. तुमच्या घरी असे एखादे पिल्लू डोळे लावून बसले, तर ताटातला तुकडा उचलण्याआधी घरच्यांना विचारा की याला आज कुणी काय दिले. आणि तरीही हाताला राहवेना झाले, तर एक जुना वाडगा टेबलावर ठेवा. आमच्यासारख्यांना रिकामे राहायला जमते.