चांदबंदरवरची कोळीण

आवडाबाईला न विचारता चंद्रावर तिच्या जागी दुसरी बाई बसवली, ही बातमी कोपरीच्या मासळी बाजारात आली तेव्हा आवडाबाई बोंबील साफ करत होती. तिनं हातातला कोयता खाली ठेवला आणि बातमी आणणाऱ्या आपल्या जावेकडे, मनुबाईकडे बघून विचारलं, "कोन ती?"

"मुंबईची हाय. नाटकातली. गोरी," मनुबाई म्हणाली. तिन्ही दोष तिनं एका दमात सांगितले.

हे चंद्राचं प्रकरण काय ते आधी सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर 'चांदबंदर' नावाची मालिका लागायची. चंद्रावर माणसांनी बंदर वसवलंय, यानं येतायत, यानं जातायत, आणि त्या बंदरावर एक कोळीण टाक्यांत वाढवलेली मासळी विकतेय. ती कोळीण म्हणजे आवडाबाई. मालिकेचा दिग्दर्शक मुकुंद कारखानीस एकदा कोपरीच्या बाजारात पापलेटाचा भाव पाडून मागत होता. आवडाबाईनं त्याची अशी काही हजेरी घेतली की पापलेट राहिलं बाजूला, त्यानं तिलाच चंद्रावर नेलं. लिहून दिलेले संवाद तिनं पहिल्याच दिवशी परत केले. "असं कोन बोलतं रं? तुझी आत्या बोलत असंल," असं म्हणाली, आणि पुढं सगळं आपल्या मनानं बोलली. चांदीचा रंग फासलेली पाटी पुढं घेऊन तिनं अंतराळवीरांना असं झापलं की घराघरात लोक पोट धरून हसले.

तेव्हापासून ती 'चंद्रावरची आवडा' झाली. डोंबिवली-कल्याणची माणसं ठाण्याला उतरली की मुद्दाम रेल्वेच्या पुलाच्या ह्या बाजूला येऊन तिच्याकडून मासळी नेत. तिला हे नाव मिरवायला आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवतही नसे. का लपवावं? आयतं मिळालेलं नव्हतं, कमावलेलं होतं.

आता त्याच मालिकेवरून सिनेमा आला होता, मोठ्या पडद्यावर, मोठ्या यानांसह, आणि चंद्रावर बसली होती दुसरीच. लोक आवडाबाईचं सांत्वन करायला यायचे. "तुमची सर येणार नाही हो तिला," असं सिनेमा न बघताच सांगायचे. आवडाबाईला त्याचाच जास्त राग यायचा. ती बाई आपल्यापेक्षा बरी आहे की नाही, एवढंच तिला खरं खरं कळायला हवं होतं. बरी नसेल तर प्रश्न मिटला. बरी असेल, तर मग पाच वर्षं मिरवलं ते काय होतं?

खरं बोलेल अशी एकच व्यक्ती तिला ठाऊक होती. डोंबिवलीच्या गुप्तेबाई. ठाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि घरी जाताना मासळी घ्यायच्या. त्यांनी कल्याणला सिनेमा बघितला होता.

"मला नाही आवडला," गुप्तेबाई म्हणाल्या. "चंद्रावर वारा नसतो, आणि ह्यांचा झेंडा आपला फडफडतोय. मालिकेत निदान झेंडा तरी नव्हता. आमच्या ह्यांना मात्र फार आवडला. घरी येईपर्यंत वाद घातला आम्ही."

"आणि ती बाई?"

गुप्तेबाईंनी सुरमईकडे बघितलं, मग आवडाबाईकडे. "ते तुम्ही स्वतःच बघा," त्या म्हणाल्या आणि सुरमई घेऊन गेल्या. आवडाबाईनं त्याच दिवशी ठरवलं की बघायचं.

ती बघणार म्हटल्यावर कोळीवाडा मागं कसा राहील? गावकीचा पाटील दामाजी म्हणाला, आपली बाई आहे, आपण सगळे जाऊ. म्हणून रविवारी तीनच्या खेळाला अख्खा कोळीवाडा रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेच्या थिएटरात शिरला. बायकांच्या डोक्यात गजरे होते. आवडाबाईचा नवरा गोमाजी गाढ झोपण्याच्या तयारीनं कोपऱ्यातली खुर्ची धरून बसला. मनुबाई आवडाबाईच्या शेजारी बसली आणि पडदा पांढरा असतानाच म्हणाली, "काय दम नाय."

सिनेमा सुरू झाला. यानं खरोखर मोठी होती. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दामाजी पाटलानं मात्र यान बंदराला लागताना नाक मुरडलं, कारण लागताना कुणी दोर फेकला नाही. आणि मग ती आली. पाटी पुढं, लुगडं जरा वर, कोयता हातात. कोळीवाड्याच्या रांगांमध्ये चुळबुळ झाली. ती बसली होती बरी. ती बोलायला लागली, तर पहिल्या दोन वाक्यांवर मनुबाई मोठ्यानं हसली, पण ते हसू कुणी उचललं नाही.

मध्यंतरानंतर त्या बाईच्या नवऱ्याचं यान हरवतं. बंदरावर बातमी येते. सकाळी पहिलं गिऱ्हाईक पाटीपुढं येऊन उभं राहतं, आणि ती बाई मान न उचलता म्हणते, "आज विकायचं नाही. जा."

थिएटरात एकच गलका उठला.

"अगो, भवानी परत धाडली!"

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ते पैसे कपाळाला लावायचे, पाटीला लावायचे, मग कनवटीला. गिऱ्हाईकानं भाव कितीही पाडून मागितला तरी पहिल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. कोपरीच्या बाजारात दोन बायका एकमेकींचं तोंड बघत नसतील, तरी ह्या बाबतीत दोघींचं एकमत असे. मागच्या रांगेतले लोक शू-शू करू लागले, पण कोळणी ऐकतात थोड्याच! थोड्या वेळानं पडद्यावर आभाळातून भलीमोठी उल्का येऊन बंदरावर पडली, तेव्हा मनुबाई उभी राहून ओरडली, "पडनारच! पहिलं गिऱ्हाईक परत धाडलं, मंग काय होनार?" सगळ्या रांगांतून माना हलल्या. बाकीचं थिएटर त्या उल्केचं कारण शास्त्रज्ञांच्या तोंडून ऐकेपर्यंत थांबून होतं. कोळीवाड्याला ते आधीच पटलं होतं.

आवडाबाई मात्र ह्या गलक्यात नव्हती. तिचे डोळे पडद्यावर खिळले होते. कारण गिऱ्हाईक परत पाठवल्यावर ती बाई मासळी कापत बसली होती. रडली नाही, ऊर बडवला नाही. वायरलेसवर नवऱ्याच्या यानाला हाका मारणं चालू होतं, उत्तर येत नव्हतं, आणि तिचा कोयता चालत होता. एक मासा झाला की दुसरा. कापून झालेला तुकडा ती परत कापत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त हात थांबवला तर सगळंच संपेल, असा तो हात चालला होता.

हा हात तिचा होता. फार वर्षांपूर्वी वसईच्या बाजूला गेलेली होडी वादळात सापडली होती. होडीवर तिचा गोमाजी होता आणि मनुबाईचा नवरा नामा. दोघे दुसऱ्या दिवशी धडधाकट परत आले, पण तो एक दिवस गेला तो गेलाच. मनुबाईनं टाहो फोडून अख्खा कोळीवाडा गोळा केला होता, आणि आवडाबाई बाजारात बसून मासळी कापत होती. हे तिनं आयुष्यात एकदाच कुणाला तरी सांगितलं होतं. शूटिंगच्या वेळी, चहा पिता पिता, मुकुंद कारखानीसला.

खेळ सुटला. बाहेरच्या मोकळ्या जागेत मुकुंद कारखानीस स्वतः उभा होता. थिएटरवाल्यांनी पाटी लावली होती, की दिग्दर्शक प्रेक्षकांची मतं ऐकणार. मतं काही कमी नव्हती. पोरं म्हणाली, एक नंबर पिक्चर. एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, मालिकेतला साधेपणा गेला. त्यांच्या बायकोनं तिथंच त्यांना खोडून काढलं. दामाजी पाटील म्हणाला की यान बरं होतं, पण ते हाकणारा तांडेल अगदीच कच्चा. आणि मनुबाई पदर खोचून पुढं झाली.

"आमची आवडा काडून ती कोन बसवली रं? तिला भवानीची अक्कल नाय! मासली विकते का लुगडं दाखवते? कोळीवाडा सांगतो, शिनेमा भंकस हाय!"

"भंकस हाय!" बायकांनी साथ दिली.

मुकुंदनं आवडाबाईकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. गर्दीही तिच्याकडेच बघू लागली. आता चंद्रावरची आवडा काय म्हणते? तिनं नुसतं तोंड वाकडं केलं असतं, तरी तिचं नाव तिच्याकडे राहिलं असतं. सगळे त्यासाठीच थांबले होते. तिला ते कळत होतं, आणि मोहही झाला. थोडा नाही, चांगलाच झाला.

"मनु, गप," ती म्हणाली. मग मुकुंदला म्हणाली, "ती बाय चांगली हाय. माझ्यापेक्षा चांगली हाय."

मनुबाईनं तोंडावर हात ठेवला.

"मासली कापते ना ती, नवरा हरवल्यावर," आवडाबाई म्हणाली, "ते मी केलेलं हाय. पन मना कोनी कॅमेऱ्यासमोर कर म्हटलं असतं ना, तर नसतं जमलं. मी चार शिव्या दिल्या असत्या, लोकांना हसवलं असतं आनि घरी आले असते. मी ते जगले. दाखवलं तिनं."

"मावशी—" मुकुंद म्हणाला.

"थांब. माझं झालं नाय. ते मी तुना सांगितलेलं. तुना, शिनेमाला नाय."

"हो."

"मना इचारायला नको?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"म्हटलंच असतं नाय! सतरा येला म्हटलं असतं. तरी यायचं. पाटीसमोर उभं रायचं आनि इचारायचं. पापलेटाला भाव पाडून मागताना लाज नाय वाटली, मंग आताच कशी वाटली?"

लोक हसले. मुकुंदही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलो, मावशी." एवढ्या माणसांत म्हणाला, ही गोष्ट आवडाबाईनं मनात नोंदवून ठेवली.

"आनि आयक. भवानी चुकली तुझी. वरलं आभाळ खाली आलं तरी पहिलं गिऱ्हाईक परत नाय धाडत. त्या दिवशी मी पन नाय धाडलं. एक म्हातारा आलेला, कोलंबीचा वाटा घेतला. त्याचे पैसे मी कपालाला लावले, आनि देवीला म्हटलं, माझा मानूस हाय तिकडं. ते तुना म्हायती नवतं, तू नुसता कापनारा हात घेतलास. हात बरोबर हाय, पन भवानी नाय बरोबर."

"हे असतं तर सिनेमा वेगळा झाला असता," मुकुंद म्हणाला.

"मंग यायला हवं होतंस," आवडाबाई म्हणाली आणि गोमाजीला उठवायला आत गेली.

परतताना कोळीवाडा पुलावरून पांगत चालला होता. वाद संपले नव्हते. पोरं यानाचा आवाज काढत धावत होती, आणि दामाजी पाटील कुणाला तरी दोर कसा फेकायचा ते दाखवत होता. आवडाबाई ताठ चालत होती. नाव गेलं होतं, तिनं स्वतःच्या तोंडानं ते दुसरीला देऊन टाकलं होतं, आणि गंमत म्हणजे तिला हलकं वाटत होतं. मनुबाई मागं मागं येत होती. एवढा वेळ ती गप्प राहिली, असं कधी झालं नव्हतं.

पुलाच्या मधोमध तिनं आवडाबाईचा पदर धरला.

"काय गो?"

"त्या दिवशी," मनुबाई म्हणाली, "वादळाच्या दिवशी, तू बाजारात बसलीस. मी अख्ख्या कोळीवाड्याला सांगितलं, की हिच्या काळजाचा दगड हाय. नवरा पान्यात आनि ही वाटे लावते. सगल्यांना सांगितलं मी. आजपर्यंत सांगते."

"म्हायती हाय मना."

"आज ती बाय कापत बसली ना," मनुबाई पदर न सोडता म्हणाली, "तवा मना कळलं. पयल्या घावाला कळलं. म्हनून तर मी एवढी वरडत होते, आवडे."

आवडाबाई काहीतरी टोला हाणणार होती. तो तयारही होता. पण तो ओठांवर येईना. तिचे खांदे हलायला लागले, आणि त्या भर पुलावर, सहाच्या गर्दीत, एकेकाळी चंद्रावर बसलेली आवडाबाई मोठ्यानं रडू लागली. इतकी वर्षं तिनं जे कापत ठेवलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं. मनुबाईनं तिला मिठी मारली आणि तीही रडू लागली. गोमाजी बावचळून बाजूला उभा राहिला. कॉलेजच्या दोन मुली थांबल्या, एक भाजीवाला थांबला.

"अगो, लोक बघतात," मनुबाई म्हणाली.

"बघूं दे," आवडाबाई म्हणाली आणि तिला सोडलं नाही.