बुढीच्या खाटल्याचा चौथा खूर

मित्रांनो, मला पापणी नाही. तुम्ही थकलात की डोळे मिटता, सकाळी ताजेतवाने होऊन उठता. मला ती सोय नाही. दिवसा डोळा नुसता उघडा असतो; अंधार पडला की मी फोटो काढायला लागतो आणि उजाडेपर्यंत काढतच राहतो. मी आभाळ बघणारा, घरी बनवलेला कॅमेरा आहे. नागपुरात, प्रताप नगरातल्या एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी माझा मुक्काम असतो. माझं भिंग माशाच्या डोळ्यासारखं फुगीर आहे. त्यामुळे पूर्वेच्या कडुनिंबापासून पश्चिमेच्या मोबाइल टॉवरपर्यंतचं अख्खं आभाळ मला एकदम दिसतं, ताटात वाढून ठेवल्यासारखं.

मला मयुराने बनवलं. दिवसभर ती एका कचेरीत संगणकावर काम करते आणि घरी आली की माझ्या मागे लागते. तिच्या हातांना चैन म्हणून नाही. पहिल्यांदा तिने मला आईच्या पापडाच्या स्टीलच्या डब्यात बसवलं. आता नागपूरचा उन्हाळा आणि त्यात स्टीलचा डबा! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. रात्र झाली तरी माझं अंग निवायचं नाही, आणि माझ्या फोटोत ताऱ्यांपेक्षा लाल-निळे खोटे ठिपकेच जास्त यायचे. मग तिने सांडपाण्याचा जाड पाइप आणला, त्याला पांढरा रंग दिला, आत छोटा पंखा लावला आणि भिंगावर पारदर्शक घुमट बसवला. हिवाळ्यात त्या घुमटावर दव साचू लागलं, तेव्हा आतून ऊब द्यायला तारेचं वेटोळं हवं होतं. ते मयुराच्या आईने, अनुसयाबाईंनी गुंडाळून दिलं. त्या कोष्ट्यांच्या घरातल्या. लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरलेला हात तो, एका फेऱ्यावर दुसरा फेरा चढू दिला नाही. एवढं करूनही मयुराचं समाधान झालं नाही ते नाहीच. ‘सुधारणा’ हा शब्द कानावर आला की माझे स्क्रू अजूनही थरथरतात.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते सांगायला हवं. तो होता तिच्या वडिलांसाठी.

ताराचंदबाबा तरुणपणी पाचपावलीत हातमागावर लुगडी विणत. माग बंद पडल्यावर कापडाच्या दुकानात नोकरी केली. माग गेला, दुकान सुटलं, पण एक सवय कायम राहिली. जेवण झालं की गच्चीवर जायचं आणि बुढीचं खाटलं बघायचं. तुम्ही त्याला सप्तर्षी म्हणता. चार तारे म्हणजे खाटल्याचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे टपून बसलेले चोर. बुढी रात्रभर जागी असते, म्हणून चोरांचं फावत नाही. ज्या दिवशी तिचा डोळा लागेल, त्या दिवशी चोर खूर नेतील आणि सगळं संपेल, अशी ती गोष्ट आहे. मयुरा याच गोष्टीवर वाढली.

मागच्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून रोज थोडं चाला, असं डॉक्टरांनी बजावलं, पण बाबा पलंग सोडायला तयार नव्हते. जिना बंद, मग चालून जायचं कुठे? तेव्हा मयुराने माझी तार खाली त्यांच्या खोलीतल्या टीव्हीला जोडली. दर मिनिटाला माझा नवा फोटो तिथे दिसू लागला. पहिल्याच संध्याकाळी बाबा वॉकर धरून उठले, पाय ओढत टीव्हीपर्यंत गेले आणि पडद्यावर बोट टेकवून त्यांनी खूर मोजले. मग हा रोजचाच नेम झाला. पलंग ते टीव्ही आणि टीव्ही ते पलंग, एवढंच त्यांचं चालणं. मला केवढा अभिमान वाटायचा! घरभर माझं कौतुक चाललं होतं.

आणि त्या कौतुकानेच घात केला. शेजारच्या इंदुताई एकदा गच्चीवर आल्या. माझ्याभोवती फिरून त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, “अवं अनुसयाबाई, काय डोकं हाय तुमच्या पोरीचं! बुढ्याले घरात बसल्या बसल्या आभाळ दाखवून राहिली!” नेमकं त्याच संध्याकाळी वादळ आलं, वीज गेली-आली, गेली-आली, आणि माझा पंखा जळाला.

“लागली,” अनुसयाबाई म्हणाल्या. “इंदूची नजर लागली माह्या डोळ्याले.”

डोळा म्हणजे मी. मयुराने पंखा बदलला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी अनुसयाबाई वाळत घातलेल्या भिवापुरी मिरच्या गोळा करायला वर आल्या. मिरच्या भरल्या, घाम पुसला, कमरेची काजळाची डबी काढली आणि माझ्या घुमटावर, लेकराच्या कपाळाला कडेला लावतात तशी, तीट लावली. मायेने लावली हो, पण लावली नेमकी डोळ्यावर!

त्या संध्याकाळी बाबा टीव्हीपाशी गेले आणि बोट हवेतच थांबलं.

“मयुरे, चौथा खूर कुठं गेला वं?”

“कचरा असन बाबा भिंगात. उद्या पाहते मी.”

बाबा पलंगावर येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने म्हणाले, “बुढीचा डोळा लागला वाटते.”

सकाळी मयुराने मला फडक्याने पुसलं. नागपूरच्या धुळीने ते फडकं रोजच काळं होतं, त्यात काजळ कुठून ओळखू येणार? दिवसा तपासलं तर मी ठणठणीत. ती कचेरीत गेली. संध्याकाळी अनुसयाबाई मिरच्या न्यायला आल्या, रोजच्याच जागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी रोजच्याच जागी नवी तीट लावली. खूर पुन्हा गायब!

मग सुरू झाली आजार रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत. मयुराने माझी तार बदलली. भिंग काढून पुसलं. आतली फोटो टिपणारी चकती नवी मागवून बसवली. ती मला उघडायची तेव्हा अनुसयाबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि पुटपुटायच्या, “पुन्हा बिघडला. लई जालीम नजर हाय बाप्पा.” आणि संध्याकाळी तीट आणखी ठळक व्हायची. मित्रांनो, माझ्या जिवाची काय घालमेल झाली असेल! सगळं मला ठाऊक होतं. चोर कोण, चोरी कधी होते, रोज माझ्या डोळ्यादेखत, नव्हे, डोळ्यावरच! पण तोंड नसलेल्याने ओरडावं कसं?

खाली बाबांनी चालणं सोडलं होतं. मयुराने वॉकर पुढे केला की म्हणायचे, “तीन खुराच्या खाटल्यावर कोणी निजते का, पोरी? राहू दे.” जेवणही अर्ध्यावर आलं. डॉक्टर घरी येऊन गेले. असेच पडून राहिले तर पुन्हा उभं राहणं कठीण, असं स्पष्ट सांगून गेले. त्या दिवशी मयुरा गच्चीवर माझ्यासमोर बसून रडली. रागाने तिने मला एक चापटही मारली.

“मोडून टाकते तुले,” ती म्हणाली. “तुह्यापायी माहा बाप पुन्हा पलंगावर पडला.”

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? स्क्रू सुटतील, पाइप भंगारात जाईल, याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही होती, की मी गेलो तर बाबा कायमचे भिंतीकडेच बघत राहतील.

पण मयुराला खोड कुठली गप्प बसू देणार! मोडण्याआधी तिने शेवटचा उपाय केला. अंधार पडायची वाट न बघता मी दुपारपासूनच फोटो काढावेत, असं तिने मला लावून दिलं. डाग नेमका कधी पडतो ते तरी कळेल. सकाळी तिने मला पुसलं आणि कचेरीत निघून गेली.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं, तशी माझी तगमग वाढत गेली. खाली टीव्ही सुरू होता. बाबा उगाच बघत पडले होते. जिन्यावर पावलं वाजली. मिरच्या गोळा झाल्या. मग माझ्या आभाळात आधी पदर आला, मग घामेजलेलं कपाळ, मग हे भलंमोठं काळं बोट. आणि मी तो फोटो टिपला.

खालून आरोळी आली, “चोर सापडला! अवं अनुसये, चोर सापडला!”

घरात कोणी शिरलं असं वाटून अनुसयाबाई मिरच्यांचं सूप हातात घेऊन तशाच धावल्या. पुढचं मी मयुराच्या तोंडून ऐकलं, कारण ती गोष्ट ती सगळ्यांना सांगत सुटते. बाबा टीव्हीपाशी उभे होते. वॉकर पलंगाजवळच राहिला होता. एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावरच्या बायकोच्या नाकावर, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी.

“अवो, तुमी चालले!” अनुसयाबाई म्हणाल्या, आणि सूप हातातून सुटलं. खोलीभर मिरच्या झाल्या. मग ठसका लागून दोघंही खोकत बसले.

मयुरा घरी आली, तिने फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. “आई, तीट लावाची त लाव, पण डोळ्यावर काहून?”

“मंग कुठं लावू? नजर डोळ्यालेच लागली होती ना!”

आता माझी तीट खाली पाइपावर असते. घुमट स्वच्छ आहे, खूर चारही जागेवर आहेत. मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण माया करताना क्षणभर थांबून बघा, आपलं बोट कुठे टेकतंय. आणि आमचं काही बिघडलं तर आम्हाला उघडण्याआधी घरात एकमेकांना विचारा. आम्हाला विचारून काय उपयोग!

परवा जेवणं लवकर आटोपली. जिन्यावर काठी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. बराच वेळ लागला. मग माझ्या आभाळाच्या काठाशी बाबांचं डोकं उगवलं. ते धापा टाकत उभे राहिले, मान वर केली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता, स्वतःच्या डोळ्यांनी खूर मोजू लागले. मागून अनुसयाबाई आल्या. त्यांनी डबी उघडली, बोट काजळात बुडवलं आणि माझ्या पाइपाकडे वळल्या. मग थांबल्या, मागे फिरल्या आणि ते बोट बाबांच्या कानामागे टेकवलं.

“हालू नका,” त्या म्हणाल्या. “चार खूर मोजून होऊ द्या.”