बाकीचा अंश कुठी गेला?

समजलं नाही तरी मान हलवून ‘हो सर’ म्हणायचं, ही सवय तुमच्या-आमच्यातल्या कोणाला नाही? मध्य प्रदेशातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तर ती पुरती भिनली होती. विनायक सर फळ्यावर आंशिक अवकलन, म्हणजे ‘पार्शल डिफरन्सिएशन’, शिकवत, पोरं मुकाट्यानं उतरवून घेत, आणि त्याचा अर्थ काय हे विचारायची कोणाची छाती होत नसे.

विचारलं ते एकट्या रोशननं. मोहगावचा हा शेतकऱ्याचा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आंशिक म्हणता, मंग बाकीचा अंश कुठी गेला?”

वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं हसली स्नेहा, वर्गातली पहिल्या नंबरची. सरही हसले. म्हणाले, “पेपरात येत नाही ते. बस खाली.”

झालं! रोशनचं नावच पडलं ‘बाकीचा अंश’. तो दारात दिसला की मागच्या बाकावरचा पंकज बाक वाजवून ओरडायचा, “आला रे बाकीचा अंश!” बिचाऱ्यानं काही दिवस हसून काढले, मग कॉलेजात यायचंच सोडून दिलं.

पुढं तोंडी परीक्षा आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्नेहाला विचारलं, “बिटिया, इसे आंशिक क्यों कहते हैं?”

“सर, अधूरा होता है, इसलिए.”

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. गॅस तापवला तर त्याचा दाब कसा बदलेल, असं त्यांनी विचारलं. स्नेहानं सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं.

“और आयतन? उसका क्या किया तुमने?”

आयतन म्हणजे गॅसनं व्यापलेली जागा; तिचं काय करायचं, ते पाठ केलेल्यात नव्हतं.

बाहेर येऊन ती पायरीवर मटकन बसली. पहिला नंबर म्हणून वडील, वामनराव, साऱ्या मोहल्ल्याला सांगत फिरत, आणि आत पाहावं तर काही म्हणजे काहीच नाही! तिला रडू आवरेना. प्रयोगशाळेच्या उर्मिला मॅडम परीक्षेला हजर होत्या. त्या येऊन तिच्याजवळ बसल्या.

“मॅडम, त्या आयतनाचं का कराचं असते?”

“धरून ठेवाचं. दाब दोघायच्या हाती असते, तापमानाच्या अन् आयतनाच्या. एकाले बदलू द्याचं, दुसऱ्याले जागचं हलू द्याचं नाही. मंग या एकट्याच्या वाट्याचा बदल किती, ते पाहाचं. म्हणून आंशिक. बाकीचा अंश आयतनाच्या वाट्याले.”

स्नेहा गारच पडली. “म्हणजे रोशन तेच विचारत होता!”

“तेच. सारं कानावर आलं माह्या. तू काऊन हसली होती व?”

“सगळे हसले, मॅडम.”

“तुले उत्तर येत होतं?”

“नाही.”

“मंग तू त्याच्यावर नाही हसली, पोरी. आपल्याले येत नाही, हे झाकाले हसली. अन् तो उद्या टीसी काढून राहिला, मालूम आहे तुले?”

स्नेहा तशीच उठली आणि सौंसरची बस धरून मोहगावला पोचली. रोशन वडिलांसोबत, नत्थूजींसोबत, बगीच्यात संत्री कॅरेटात भरत होता.

“मी लय हसली रोशन, चुकलं माहं. कॉलेजात ये.”

“कायले? साऱ्या वर्गाले येते, मीच एकटा ढ आहो. उगाच बापाच्या जीवाले घोर.”

“कोणालेच येत नाही रे! मलेही नाही!” बोलता बोलता ती पुन्हा रडली आणि रडत रडतच मॅडमनी सांगितलेलं तिनं त्याला सांगितलं.

रोशन हातातलं संत्रं विसरून ऐकत राहिला. “अन् दोन्ही एकदम बदलले तर?”

“मालूम नाही.”

त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा कॅरेट भरू लागला. “जाय तू. शेवटची बस निघून जाईन.”

दुसऱ्या दिवशी आंशिक अवकलनाची उजळणी घेऊन विनायक सरांनी नेहमीसारखं विचारलं, “समजलं?” वर्ग म्हणाला, “हो सर!” खिडकीतून ऑफिससमोरच्या रांगेत रोशन दिसत होता. स्नेहा उभी राहिली.

“सर, मले नाही समजलं.”

मागून हसू फुटलं.

“हसा! पण ज्याले समजलं त्यानं हात वर करा!”

एकही हात वर झाला नाही.

“तापमान अन् आयतन दोन्ही एकदम बदलले तर का होते, सर? हा प्रश्न माहा नाही, रोशनचा आहे. अन् तो तिकडं कॉलेज सोडून चालला!”

सरांचा चेहरा उतरला. खडू ठेवून ते स्वतः बाहेर गेले आणि त्यांनी रांगेतल्या रोशनच्या खांद्यावर हात ठेवला. “चाल बाबा आत. त्या दिवशी मीही हसलो, ते चुकलंच माझं.”

रोशननं टीसीच्या अर्जाची घडी करून खिशात घातली आणि तो सरांच्या मागं वर्गात आला. पंकजनं सरकून त्याला बाकावर जागा दिली, आणि पंकजच खाली मान घालून म्हणाला, “सर, पहिल्यापासून सांगा. मलेही नाही समजलं.”

मित्रांनो, रोशन परत आला, पण असे कितीतरी रोशन आपण हसून घालवले, त्यांची तर आठवणही कोणाला नाही! घरात, शाळेत, ऑफिसात कोणी ‘मला समजलं नाही’ म्हणालं तर हसू नका. तो आपल्या सगळ्यांच्या वतीनं विचारत असतो. तो गप्प बसला, की आपण सगळेच अडाणी राहतो.